बाटलीतलं काळं पाणी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला मागच्या दारातून शेजारच्या आक्कांची हाक आली, "वैनी, बंधाऱ्यावर चला बघू. मासं वर आल्यात." चहाखालचा गॅस बंद केला, पदर खोचला आणि निघाले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काळपट, त्यावर फेस, आणि काठाला पांढरी पोटं वर करून पडलेले मासे. लहान-मोठे, शेकड्यांनी. पोरं ते पिशवीत भरत होती. "अरे टाका ते, खायचं नसतं असलं!" म्हणून ओरडले. पण ज्यांना बाजारची मासळी परवडत नाही, त्यांच्या चुलीवर ते त्या दिवशी शिजलेच असणार.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. इथून पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. म्हणजे वरच्या सगळ्यांनी वापरून झालेली नदी आमच्या वाट्याला येते. कोल्हापूरच्या नाल्यांचं मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीत कापड धुऊन-रंगवून झाल्यावरचं पाणी, सगळं पोटात घेऊन ती येते. त्यात उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे घातलेले, म्हणजे पाणी हलत नाही. ही घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे अक्षरशः गुदमरून मरतात. कुणी विष टाकायलाच लागतं असं नाही.

त्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, एक रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, ते काळं पाणी भरलं, टोपणाला चिकटपट्टी लावली आणि बचत गटातल्या चौघींना घेऊन एसटीने थेट सरकारी कार्यालय गाठलं. कुठलं ते राहू दे. साहेब तसे बोलायला चांगले होते. बाटलीकडे बघून म्हणाले, "ताई, तुमची तळमळ कळते, पण ही बाटली कायद्यात चालत नाही."

येताना एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही. ती बाटली घरी आणून मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. सासूबाई रोज म्हणायच्या, "फेक ती घाण." मी फेकली नाही.

मैत्रिणींनो, हा राग नुसता माशांसाठी नव्हता. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, माणसं दगावली होती. माझी नणंद तिथे दिलेली, तेव्हा सातवा महिना चाललेला. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ, हिपॅटायटिस ई, शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला सगळ्यात जास्त धोक्याची. तिला घाईघाईने माहेरी आणलं. पण माहेर तरी कुठलं? त्याच नदीच्या खालच्या अंगाचं! शेतातल्या बोअरचं पाणी हंड्याने आणायचं, खळखळून उकळायचं, गाळायचं. महिनाभर पुरणारं सिलिंडर पंधरा दिवसांत संपलं. ती सुखरूप बाळंत झाली, पण ते दोन महिने मी विसरलेले नाही. तुरटी फिरवली की पाणी स्वच्छ झालं असं आपल्यातल्या कितीतरी जणी समजतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण कारखान्याचं रसायन निघत नाही. घरच्या उपायांची धाव तेवढीच.

बाटली कायद्यात का चालत नाही, हे मात्र मला शोधायचं होतं. वकिली शिकणाऱ्या भाच्याकडून १९७४ चा पाणी प्रदूषण प्रतिबंध कायदा मागवला. बी. ए. ला माझा विषय मराठी. कायद्याची भाषा वाचताना आधी डोकंच धरलं. (एक कलम तीनदा वाचलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.) पण हळूहळू वाट सापडली.

आपलं राज्य यात खरं तर पुढे होतं. देशाचा कायदा १९७४ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झालं. कायदा सांगतो, मंडळाच्या संमतीशिवाय कुणीही सांडपाणी सोडायचं नाही. 'कुणीही' यात नगरपालिकाही आली. संमतीपत्रात किती पाणी, किती शुद्ध करून, कुठे सोडायचं ते लिहिलेलं असतं. मोडलं तर वीज-पाणी तोडून कारखाना बंद करण्याचा अधिकार मंडळाला आहे. २०१७ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पालिकांना मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं तीन वर्षांत उभी करायला सांगितलं होतं. तरीही २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, तेव्हा त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले निघाले. सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर!

आणि नमुना? कोर्टात उभा राहायचा तर तो अधिकार असलेल्या माणसानेच घ्यावा लागतो. सांडपाण्याचा असेल तर मालकाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचं, दोघांनी सह्या करायच्या, मग प्रयोगशाळेत पाठवायचा. साहेबांचं बरोबर होतं. फक्त त्यांनी अर्धंच सांगितलं. नमुना कुणी घ्यायचा आणि त्यांना लगेच कसं बोलवायचं, ते आम्हीही विचारलं नाही. नदी थांबून राहत नाही. आज सोडलेलं काळं पाणी परवा पुढच्या गावात असतं.

आणखी दोन गोष्टी सापडल्या, त्या खास तुमच्यासाठी. मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि ज्याला त्या सांडपाण्याचा त्रास होतो त्याला आपल्यापुरता भाग बघायचा हक्क असतो. कुणी टाळाटाळ केली, तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दुसरी गोष्ट, कलम ४९. मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकसुद्धा फौजदारी तक्रार घेऊन न्यायालयात जाऊ शकतो. मग त्याने मागितल्यावर मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यायचे असतात. पुण्यात २०१३ पासून हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठही आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. फक्त घटनेपासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं, नंतर रडून उपयोग नाही.

आता जे निसटलं तेही सांगते. २००० मध्ये राज्याने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं होतं. नदीच्या पाण्याचा दर्जा बघून, घाण करणारा उद्योग काठापासून किती लांब असावा हे त्यात ठरवलं होतं. २००९ मध्ये ते सुधारलं आणि २०१५ मध्ये रद्दच केलं. आधी कायद्यात नदीत घाण सोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षं कैद होती. २०२४ च्या दुरुस्तीने कैदेच्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. ही दुरुस्ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. बाकी राज्यांनी ठराव करून ती घ्यायची. कुणी म्हणेल, कैद होती तेव्हा तरी किती जण आत गेले? खरंय. पण मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे काय हो? यंत्रणा चालवण्याच्या विजेपेक्षा दंडच स्वस्त पडायचा.

एरवी नदीचं नाव निघालं की भाषण आपल्यालाच! निर्माल्य टाकू नका, धुणं धुऊ नका. नको टाकायला, पटतं मला, आमच्या गटाने निर्माल्याचं खत केलंय. पण आमची चार फुलं दिसतात आणि नाला दिसत नाही, याचं नवल वाटतं.

बचत गटाच्या कर्जवसुलीच्या वहीला आता मागून एक पान लावलंय. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, मोबाइलवर फोटो कुणी काढला, मंडळाच्या कार्यालयात फोन किती वाजता केला, कोण बोललं. नदीवर जाणारी प्रत्येक बाई आल्यावर सांगते, आणि जिला लिहिता येतं ती लिहिते. आक्कांना लिहिता येत नाही, पण वासावरून त्या बरोबर सांगतात, "आज मळीचा हाय," नाहीतर "आज गटारीचा." यंदा जानेवारीत पाणी पुन्हा काळं आलं. तासाभरात तीन फोन गेले आणि दुपारी माणसं नमुना घ्यायला आली. आक्का शेवटपर्यंत तिथेच उभ्या. सील लागलं, सह्या झाल्या, मगच त्या घरी आल्या.

नोटीस मागच्या महिन्यात रजिस्टर पोस्टाने गेली, खाली अकरा जणींच्या सह्या आणि तीन अंगठे. कुणाबद्दल आहे ते आत्ता लिहीत नाही. पोहोच-पावती देवघरातल्या डब्यात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासूबाई रोज सकाळी एक फुली मारतात. आज चौतिसावी मारली.