डावखुरा पिता, उजवा पुत्र

क्यूबा बेटावरील हवाना शहरात मारियानाओ नावाची वस्ती आहे. तेथे २३ नोव्हेंबर १९४० रोजी जन्मलेल्या लुईस टियांट याने अमेरिकेत बेसबॉल खेळून मोठी कीर्ती मिळविली. २०२४ साली तो निवर्तला. त्याच्या खेळाची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याच्या आईबापांविषयी.

बापाचे नावही लुईसच, आणि तोही चेंडू फेकणाराच. बाप डावखुरा, मुलगा उजवा, एवढाच काय तो भेद! बाप ‘न्यूयॉर्क क्यूबन्स’ या कृष्णवर्णीयांच्या संघातून खेळे. कारण मुख्य लीगची दारे काळ्या कातडीला बंद होती. ती १९४७ साली जॅकी रॉबिन्सनसाठी उघडली, तेव्हा थोरल्या टियांटने चाळिशी गाठली होती. त्याच वर्षी त्याच्या संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद जिंकले. पण वय थोडेच परत येते? पुढे मायदेशी तो पेट्रोलपंपावर राबला.

एकुलत्या एका मुलाने हा अपमान सोसू नये, म्हणून बापाचा त्याच्या खेळण्यास विरोध होता. आई इसाबेल मात्र मुलाच्या बाजूने उभी राहिली, आणि अखेर तिचेच म्हणणे चालले. बहुतेक घरांत असेच चालते, असा आमचा अनुभव आहे.

मुलगा मेक्सिकोत खेळू लागला. १९६१ साली क्यूबातून ये-जा कठीण होताच बापाने त्यास कळविले, ‘परत येऊ नकोस.’ हे लिहिताना त्या बापाच्या मनाचे काय झाले असेल! पितापुत्रांची भेट त्यानंतर चौदा वर्षे झाली नाही.

१९७५ साली अमेरिकेचे सिनेटर मॅकगव्हर्न क्यूबास गेले. त्यांनी दुसरे सिनेटर ब्रुक यांचे विनंतीपत्र फिडेल कॅस्ट्रोंच्या हाती दिले, आणि परवानगी मिळाली. ऑगस्टमध्ये आईबाप बोस्टनच्या विमानतळावर उतरले, तेव्हा मुलगा त्यांस मिठी मारून रडला.

२६ ऑगस्टला सामन्यापूर्वीचा मानाचा चेंडू टाकावयास म्हाताऱ्यास मैदानावर नेले. त्याने कोट काढून मुलाच्या हाती दिला व चेंडू फेकला. तो खाली गेला. म्हाताऱ्याने चेंडू परत मागितला, आणि दुसरा अगदी नेमका टाकला! ऑक्टोबरात अजिंक्यपदाच्या मालिकेत मुलाने सिनसिनाटीस ६–० असे नमविले, तेही त्याने डोळे भरून पाहिले.

डिसेंबर १९७६ मध्ये बाप वारला, आणि काही दिवसांतच आईही गेली. दोघांना बोस्टनजवळच मूठमाती मिळाली. मुलास मारियानाओचे दर्शन घडले ते २००७ साली, ४६ वर्षांनी. तेथे त्याच्या वृद्ध आत्या-मावश्या त्याची वाट पाहत होत्या.