हळदीचा रंग आणि रेणूतील संस्पंदन

कापडावरील हळदीच्या पिवळ्या डागास साबण लागताच तो तांबडा होतो, हा घरोघरचा अनुभव आहे. हळदीवर चुन्याची क्रिया घडवून कुंकू तयार करण्याची परंपरागत रीतही याच गुणधर्मावर आधारलेली आहे. या साध्या घटनेमागे रसायनशास्त्रातील एक मूलभूत तत्त्व आहे. त्यास संस्पंदन अथवा रेझोनन्स असे म्हणतात.

रेणूतील अणू इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांनी परस्परांशी बांधलेले असतात. एका जोडीने एकेरी, तर दोन जोड्यांनी दुहेरी बंध होतो. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये शोधलेल्या बेंझीनच्या बाबतीत मात्र ही मांडणी अपुरी पडली. ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये बेंझीनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असल्याचे प्रतिपादन केले. या कड्यात एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक असते, तर त्यांची लांबी अनुक्रमे सुमारे १.५४ व १.३४ अँगस्ट्रॉम भरावयास हवी होती. प्रत्यक्षात सहाही बंध सारखेच, म्हणजे सुमारे १.३९ अँगस्ट्रॉम लांबीचे आहेत.

दुहेरी बंधांच्या जागा बदलून बेंझीनच्या दोन आकृती काढता येतात. रेणू क्षणात एक व क्षणात दुसरे रूप घेतो, असा विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव असतो. तो बरोबर नाही. इमारतीचे समोरून व बाजूने असे दोन नकाशे काढले, तरी इमारत एकच असते. कोणताही एक नकाशा तिचे पूर्ण दर्शन घडवीत नाही, इतकेच. लायनस पॉलिंग यांनी १९३० नंतरच्या दशकात हा विचार शास्त्रशुद्धपणे मांडला. बेंझीनमधील सहा इलेक्ट्रॉन ठरावीक दोन अणूंमध्ये अडकून न राहता संपूर्ण कड्यावर पसरलेले असतात. त्यामुळे हा रेणू अपेक्षेपेक्षा दर मोलमागे सुमारे १५० किलोज्यूल इतका अधिक स्थिर ठरतो.

हळदीतील करक्युमिन या रंगद्रव्यात अशी दोन कडी सात कार्बन अणूंच्या साखळीने जोडलेली असतात आणि इलेक्ट्रॉनांचा पसारा या संपूर्ण लांबीवर असतो. पसारा जितका मोठा, तितक्या कमी ऊर्जेचा प्रकाश रेणू शोषू शकतो. करक्युमिन निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून हळद पिवळी दिसते. चुना, सोडा वा साबण यांतील अल्कलीमुळे करक्युमिनमधून हायड्रोजन आयन निघून जातो, ऋण विद्युतभारही रेणूभर पसरतो, आणि शोषण हिरव्या प्रकाशाकडे सरकून रंग तांबडा होतो. प्रखर उन्हात हा रेणू तुटतो व रंग विटतो. म्हणूनच हळदपूड बंद डब्यात, उन्हापासून दूर साठविणे हिताचे असते.

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेला कागद, थोडा धुण्याचा सोडा आणि लिंबू एवढ्या साहित्यावर कोणत्याही ग्रामीण शाळेत हा प्रयोग करता येईल. सोड्याने तांबडा झालेला कागद लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही इलेक्ट्रॉनांचे वर्तन असे डोळ्यांनी पाहता येते.