कनिष्ठ महाविद्यालय आणि फुटबॉलचें मैदान

बोळिंजच्या एका गृहस्थांनीं मला विचारलें, “गुरुजी, मुलगा अकरावीसाठीं कॉलेजांत गेला; आतां विद्यापीठाच्या फुटबॉल संघांत घेतील ना?”

अद्याप नाहीं. इमारत एक असली, तरी आपली अकरावी-बारावी हें शालेय शिक्षणच होय. तेथील खेळाडू १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत उतरतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठीं तो बारावी उत्तीर्ण, विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी आणि १७ ते २५ वर्षांचा असावा लागतो.

अमेरिकेंत ज्युनिअर कॉलेज बारावीनंतरचें असतें. गुणांत मागें पडलेला खेळाडू तेथें अभ्यास सुधारून विद्यापीठांत जातो. आपल्याकडे नापासास आधार पुरवणी परीक्षेचा. म्हणून सरावाइतकाच अभ्यासही नेमानें व्हावा. एरवीं पायांतील कसब विद्यापीठाच्या मैदानाबाहेरच राहील.