क्षय की क्रोन? प्रश्न सहा महिन्यांचा

पोटात उजवीकडे खाली कळ येते, जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत, वजन उतरत जाते आणि अंगात बारीक ताप राहतो, अशी तक्रार घेऊन एखादा तरुण विसरवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात आला, तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मनात प्रथम आतड्याच्या क्षयाचा संशय येतो. या मुलखात तो यावा हे योग्यच होय. परंतु नेमकी हीच लक्षणे दाखविणारा, लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्याच जागी बहुधा ठाण मांडणारा आणखी एक रोग आहे. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी त्याचे वर्णन क्षयाहून निराळा विकार म्हणून केले, आणि पुढे क्रोनचेच नाव त्याला चिकटले.

हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा रोग, ही समजूत आता टिकणारी नाही. हैदराबादच्या एका नामांकित पोटविकार संस्थेने दुर्बीण बसविलेली गाडी खेड्यांत नेऊन तपासण्या केल्या. पोटाच्या तक्रारी असलेल्या ग्रामीण आणि शहरी रुग्णांत आतड्याच्या जीर्ण दाहाच्या प्रमाणात फारसा फरक नसल्याचे 2023 साली तिने प्रसिद्ध केले. खेड्यात रोग नव्हता असे नव्हे. तो पाहणारी दुर्बीण नव्हती.

दोन्ही रोग ओळखण्यात चूक झाली तर तिची किंमत सारखी नसते. क्षयाच्या रुग्णाला क्रोनवरील स्टिरॉइड दिले, तर जंतूंना रान मोकळे मिळते. उलट, क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिली तर तत्काळ अनर्थ ओढवत नाही. म्हणून जेथे निदान अडते तेथे आपले डॉक्टर क्षयाचे उपचार आधी सुरू करतात. यात वावगे काही नाही. वावगे आहे ते पुढचे, म्हणजे कोणीही मध्ये डोकावून न पाहता पूर्ण सहा महिने जाऊ देणे. क्षयाच्या गोळ्यांनी क्रोनच्या रुग्णालाही काही काळ बरे वाटू शकते. मात्र बरे वाटणे निराळे आणि आतड्यातील व्रण भरणे निराळे. क्षय असेल तर दोन-तीन महिन्यांत व्रण भरू लागलेले दुर्बिणीतून दिसतात. ते जसेच्या तसे असतील, तर निदानाचा फेरविचार करावयास हवा. तो न झाल्यास मूळ दाह चालूच राहतो, आतडे आकसते, आणि जो रोग गोळ्यांनी आवरला असता तो शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातो.

कारण सौम्य व मध्यम क्रोन गोळ्यांनी आवरता येतो. लहान आतड्याच्या शेवटी विरघळणारे बुडेसोनाइड, रोज सकाळी 9 मिलिग्रॅम, साधारण आठ आठवडे, हा त्या जागेच्या दाहावरचा पहिला उपाय मानला जातो. त्याचा बराचसा अंश यकृतातच निष्प्रभ होत असल्याने नेहमीच्या स्टिरॉइडचे दुष्परिणाम कमी होतात. मात्र वर्षानुवर्षे घेण्याचे हे औषध नव्हे. मोठ्या आतड्यातील सौम्य दाहाला जुने, स्वस्त सल्फासालाझिन उपयोगी पडते. मेसालाझिनच्या चिठ्ठ्या आजही सर्रास लिहिल्या जातात. क्रोनमध्ये त्याचा पुरावा इतका तोकडा आहे की अनेक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका त्याची शिफारसच करीत नाहीत. गरिबाचा पैसा अशा सवयीच्या चिठ्ठीवर जावा, हे काही बरे नव्हे. रोग पुनःपुन्हा उसळला तर अझाथायोप्रिन येते, आणि त्यासोबत रक्तपेशींची नियमित मोजणीही. त्यापुढची महागडी इंजेक्शने देण्यापूर्वी शरीरात दडलेला क्षय शोधावाच लागतो, कारण ती त्याला जागे करू शकतात. बिडी सोडणे हा फुकटचा उपचार; तंबाखूच्या धुराने हा रोग बळावतो. दुकानातून परस्पर घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांनीही तो चिघळू शकतो.

आदिवासी भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. येथे सिकलसेल आहे, आणि त्याच्या झटक्यातही पोट असह्य दुखते. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असलेल्यांत सल्फासालाझिनने तांबड्या पेशी फुटू शकतात. तेव्हा ही गोळी लिहिण्याआधी रक्ताची तपासणी हवी. तशी सोय तालुक्याच्या पातळीवर करणे शासनाला जड जाऊ नये.

खरी अडचण ऋतूची आहे. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भाद्रपदात सुरू झालेल्या उपचाराची दोन महिन्यांची तपासणी नेमकी ट्रक हलण्याच्या दिवसांत येते. ती चुकली की पुढची भेट वैशाखात. विसरवाडी सुरत-धुळे महामार्गावर आहे. ऊसतोड्याला सुरत नाशिकपेक्षा जवळ. मग त्याच्या क्षयाच्या कार्डावर पहिल्या गोळीच्या दिवशीच दुसऱ्या दुर्बीण तपासणीची तारीख का लिहू नये, आणि ती तपासणी फडाजवळच्या सरकारी रुग्णालयात, राज्याची सीमा आड न येता, का होऊ नये? गोळ्या त्याच्या गाठोड्यातून सीमेपलीकडे जातात. कागदही जायला हवा.