उचलीत अडकलेला नागरिक

स्थलांतरितांचे हक्क : लेखांक ५

परदेशातून आश्रय मागायला आलेल्यांचा विचार आपण गेल्या आठवड्यात केला. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, हेही पाहिले. आज आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या, देश न सोडताही हक्कांना पारखे होणाऱ्या माणसांकडे वळू.

येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णेवरची धरणे सेनगाव-औंढ्याच्या अंगाला आहेत. त्यांचे पाणी कालव्यांनी वसमतकडे जाते आणि तिथे ऊस, हळद पिकते. वरच्या कोरडवाहू रानात मात्र सोयाबीन निघाले की हाताला काम उरत नाही. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास वाड्या-तांड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात.

नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यावर मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडलेल्या टनांवर फेडायची असते. आजारपणाने किंवा बाळंतपणाने खाडा पडला तर पैसे कापले जातात. हंगामाअखेर फिटले नाही ते पुढच्या वर्षावर चढते. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही.

आता कायदा पाहू. राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार उचलीपोटी मजुराला दुसरीकडे काम करण्याची किंवा निघून जाण्याची मोकळीक नसेल, तर ती वेठबिगारी ठरते आणि ते कर्जच रद्द होते. या कायद्याच्या अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत.

स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण तो आंतरराज्य मजुरांपुरता. सेनगावचा मजूर बेळगावला गेला तर त्याला त्या कायद्याचा आधार मिळू शकत असे. कोल्हापूरला गेला तर नाही. कोयता तोच, उचल तीच, पालही तेच. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेतही स्थलांतरित मजूर म्हणजे आंतरराज्य मजूर, ही व्याख्या कायम राहिली. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्यांसाठी राज्यानेच कायदा करायला हवा.

तोवर गावाने एवढे करावे : गाडी निघण्याआधी जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मुकादमाचे नाव, कारखाना आणि उचलीची रक्कम ग्रामपंचायतीत लिहून घ्यावी. नवरा-बायको दोघांच्या नावे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र मागावे. मुलांसाठी शाळेकडे हंगामी वसतिगृहाचा आग्रह धरावा. कुणाला फडावर अडवून ठेवल्याचे कळले, तर मुकादमाशी तडजोड करत बसू नका. थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.