बेंच प्रेसला पाठीत कमान: चीटिंग की सेफ्टी?

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे झालाय. इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरचा एक मुलगा विचारतो, "दादा, बेंच मारताना मी पाठ जरा उचलली की जिममधला एक सीनियर म्हणतो, चीटिंग करतोस. दुसरा म्हणतो, कंबर जाईल. आणि रील्समध्ये सगळे पाठीचा पूल करून झोपलेले दिसतात. नक्की करू काय?"

भावा, तुझा हा प्रश्न मला चार वर्षांपूर्वी पडायला हवा होता. मी कुणाला काही विचारलंच नाही. आमच्या जिममध्ये सांगितलं, "पाठ बेंचला चिकटव, पाय वर घे, म्हणजे कंबर सेफ." मी पाय बेंचवर घ्यायचो, पाठ सपाट, कोपरं दोन्ही बाजूंना सरळ फाकवलेली, आणि बार जवळपास गळ्यापाशी उतरवायचो. वजन वाढत होतं म्हणून मी खूश होतो. मग उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागला. आधी फक्त बेंचच्या दिवशी, नंतर लोकलमध्ये वरची कडी धरायलाही हात उचलवेना. फिजिओथेरपिस्टनं माझा व्हिडिओ बघितला आणि एकच विचारलं, "तुझे खवाटे कुठे आहेत?" मला प्रश्नच कळला नाही.

आजचा सगळा एपिसोड त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कमान कमरेची नाही, खवाट्यांची

खवाटा म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी, चपटं हाड. तुमच्या दंडाचं हाड ज्या खोबणीत बसतं ती खोबणी या खवाट्याचाच भाग आहे. म्हणजे खवाटा जिकडे जाईल तिकडे खांदा जाईल. खांदे पुढे ढकललेले आणि कोपरं फाकलेली असताना बार खाली आणला, की दंडाच्या हाडाचं डोकं खांद्याच्या पुढच्या भागावर जोर देतं. दुखण्याला दरवेळी एकच कारण नसतं, पण माझ्या बाबतीत हे मोठं कारण होतं.

आता म्हणाल, मग दंड-जोर मारताना का नाही होत? कारण तिथे पाठ मोकळी असते, खवाटे बरगड्यांवरून हवे तसे सरकतात. बेंचवर तेच खवाटे तुमच्या आणि बारच्या वजनाखाली दाबलेले असतात. मग ते आधीच नीट जागी बसवायला लागतात: एकमेकांजवळ आणि खाली, कमरेच्या दिशेने. मी स्वतःला सांगतो, "खवाटे पँटच्या मागच्या खिशात घाल."

हे आत्ता बसल्या बसल्या करून बघा. छाती आपोआप वर आली ना? पाठीचा वरचा भाग वळला ना? हीच ती कमान. ती मुद्दाम करायची नसते, खवाटे बसले की ती येते.

मग कंबर जाते का?

स्क्वॉटमध्ये बार खांद्यावर असतो, त्यामुळे वजन मणक्यातून खाली जातं. बेंचमध्ये वजनाचा रस्ता वेगळा आहे. बार, हात, खांदा, खवाटा आणि थेट बेंच. कमरेच्या मणक्यांवरून ते वजन जात नाही. शिवाय कमरेला मुळातच एक बाक असतो. जमिनीवर पाय लांब करून उताणे झोपा, कमरेखाली बहुतेकांचा तळहात सरकतो. तेवढा बाक बेंचवर राहिला तर घाबरण्यासारखं काही नाही.

गडबड होते ती सगळी कमान कमरेतूनच काढली की. कंबर ताणून ताणून वर, आणि खवाटे मात्र ढिले. तिथे कंबर दुखते आणि खांद्यालाही फायदा शून्य. आधीपासून कमरेचा त्रास असेल, किंवा करताना कमरेत टोचलं, पायात कळ आली, तर कमान कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढू नका.

आता करून बघू

जिममध्येच ऐकत असाल तर रिकामा बार घ्या. ऑलिम्पिक बार असेल तर तोच २० किलोचा असतो, शिकायला भरपूर आहे.

१. डोळे बारच्या बरोबर खाली येतील असं झोपा.

२. दोन्ही पाय जमिनीवर, पूर्ण तळवा टेकलेला. टाच गुडघ्याच्या खाली किंवा किंचित मागे. पाय पोहोचत नसतील तर खाली प्लेट ठेवा.

३. बार धरा, अंगठा बारभोवती गुंडाळलेला. अंगठा न लावता धरलेला बार मनगटावरून सटकला तर सरळ छातीवर येतो. आता खवाटे मागे आणि खाली.

४. बार रॅकमधून काढताना मित्राची मदत घ्या. एकट्यानं ओढून काढला की बसवलेले खवाटे तिथेच सुटतात.

५. श्वास भरा, बार छातीच्या खालच्या भागावर आणा. कोपरं अंगापासून साधारण ४५ ते ७० अंशांवर. बाजूनं बघितलं तर मनगट कोपराच्या बरोबर वर दिसायला हवं. बार टेकवा, आपटू नका.

६. वर ढकलताना पायांनी जमीन पुढे रेटा, जणू अख्खं अंग डोक्याच्या दिशेनं सरकवायचंय. पाय सरळ खाली दाबले की बूड उचललं जातं. बार वर आणि थोडा मागे, खांद्यांच्या रेषेत येतो.

मोबाईल बाजूला ठेवून एक सेट शूट करा. व्हिडिओत एकच बघा: बूड बेंचवर आहे का? उचललं जात असेल तर वजन कमी करा.

चीटिंग कुठे सुरू होतं?

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या, म्हणजे आयपीएफच्या नियमात कमान चालते. पण डोकं, खांदे आणि बूड बेंचला आणि तळवे जमिनीला टेकलेले पाहिजेत. काही लिफ्टर इतकी कमान करायचे की बार जेमतेम काही इंच हलायचा. म्हणून २०२३ पासून आयपीएफनं कोपराचा नियम आणला. बार छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली यायलाच हवी. रील्समधला पूल हा स्पर्धेचा डाव आहे. आपल्याला छाती आणि खांदे कमवायचेत, आपल्याला खवाट्यांतून येते तेवढी कमान पुरे.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं

कमानीचा एक फायदा फार कमी जण सांगतात. एकटे बेंच मारत असाल तर पॉवर रॅकमध्ये मारा आणि सेफ्टी पिन अशा लावा की कमान असताना बार छातीला टेकेल, आणि पाठ सपाट केली की बार पिनवर बसेल. रेप अडकला? श्वास सोडा, पाठ सपाट करा, बार पिनवर. हे आधी रिकाम्या बारवर दोनदा करून बघा, बार गळ्याच्या वर अडतोय ना तेही तपासा. पिन नसतील आणि स्पॉटरही नसेल, तर बारला क्लिप लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलता करून प्लेट पाडता येतात. इगोपेक्षा प्लेटचा आवाज बरा.

माझा खांदा बरा झाला, पण त्यासाठी तीन महिने बेंच बंद ठेवायला लागला आणि परत रिकाम्या बारपासून सुरुवात करायला लागली. तुम्ही ते तीन महिने वाचवा. व्हॉइस नोटवाल्या भावा, त्या दोन्ही सीनियरना हा एपिसोड पाठव, आणि पुढच्या सेटआधी स्वतःला एवढंच विचार: माझे खवाटे कुठे आहेत?

भेटू पुढच्या एपिसोडला!