खोटी तोफ आणि शिसपेन्सिल

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण किल्ला करीत असतील. खाली दगडविटा, त्यांवर पोती, पोत्यांवर चिखल, चिखलात पेरलेले अळीव आणि बुरुजांवर मातीचे मावळे. जालन्यात आमच्या गल्लीतही दरवर्षी असा किल्ला उभा राहतो.

एके वर्षी गल्लीतल्या सातवीतल्या एका मुलाने किल्ल्यासाठी तोफ केली. नुकतीच त्याच्या शाळेची सहल देवगिरीला, म्हणजे दौलताबादला जाऊन आली होती. तिथली मेंढ्याच्या तोंडाची प्रसिद्ध तोफ मिश्रधातूची आहे. पण याला आवडल्या त्या लोखंडी तोफा. दख्खनमधल्या बऱ्याच जुन्या तोफा लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून, त्यांवर लोखंडी कडी ठोकून बसवून केलेल्या असत. त्याने ५० पट लहान प्रमाण धरले. तीन मीटरची तोफ झाली सहा सेंटिमीटरची. कागदाची सुरळी, कड्यांच्या जागी गुंडाळलेला दोरा आणि वर काळा पोस्टर रंग. तोफ बुरुजावर ठेवली, आणि मित्र म्हणाले, "ही तोफ आहे की नळाचा तुकडा?"

बिचारा ती घेऊन माझ्याकडे आला. "सर, मापे सगळी बरोबर आहेत. मग ती खोटी का दिसते?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो खरा, पण पहिले उत्तर चुकीचेच दिले. म्हणालो, "अरे, धातू आहे ना? चंदेरी रंग लाव." त्याने लावला, आणि तोफ वर्ख लावलेल्या काजूकतलीसारखी दिसू लागली! तेव्हा कुठे मी नीट विचार केला.

खरी जुनी तोफ सगळीकडे सारखी चमकत नाही. तिच्या कड्यांच्या कडा हात लागून, घासून उजळलेल्या असतात. खाचांत धूळ आणि अंधार असतो. या फरकावरूनच आपल्या डोळ्यांना तिचा आकार आणि जडपणा कळतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. तो रंग खाच आणि कड दोन्ही सारखीच उजळवतो, म्हणजे फरकच पुसून टाकतो.

पण नुसता काळा रंग तरी का फसला? थोडे गणित करू. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, बारकावा ओळखता येतो. एक मीटर अंतरावर हा बारकावा सुमारे ०.३ मिलिमीटर भरतो. खऱ्या तोफेच्या कड्याची उजळलेली कड एक सेंटिमीटर रुंद असेल, तर ५० पट लहान तोफेवर ती ०.२ मिलिमीटरची होणार. अंगणातला किल्ला आपण मीटरभर अंतरावरून पाहतो. तेवढ्यावरून ती रेघ ठळक दिसत नाही. भर घाला की किल्ला बहुधा भिंतीच्या आडोशाला असतो. तिथे प्रकाश चहूबाजूंनी पसरून येतो, आणि दोऱ्याएवढ्या उंचवट्याची सावली फिकी पडते. तोफ लहान झाली, पण पाहणाऱ्याचा डोळा काही ५० पट लहान झाला नाही! म्हणून ती कड आपल्याला जरा जाड, अर्ध्या मिलिमीटरची काढावी लागते. मापात ती चूक आहे, पण मला विचाराल तर ही लबाडी नव्हे.

एवढी बारीक रेघ कुंचल्याने काढायला हात तयार लागतो. इथे कामी येते शिसपेन्सिल. नाव शिसपेन्सिल असले तरी तिच्यात शिसे मुळीच नसते. कांडी असते ग्रॅफाइट आणि चिकणमातीची. हे मिश्रण भाजून कांडी करण्याची रीत निकोला-जाक कॉन्ते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले पापुद्रे. एका पापुद्र्यात शेजारचे अणू ०.१४२ नॅनोमीटर अंतरावर घट्ट बांधलेले, तर दोन पापुद्र्यांत अंतर ०.३३५ नॅनोमीटर आणि बंध अगदी सैल. घासले की पापुद्रे सुटतात आणि पृष्ठभागावर आडवे निजतात. कागदावर ४बी पेन्सिलीने गडद चौकोन भरा. समोरून तो काळा दिसेल. आता कागद तिरपा करून खिडकीच्या उजेडाकडे धरा. पाहा, कसा धातूसारखा लकाकतो!

दुसरा प्रयोग तुम्ही लहानपणीच केला असेल. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीची कांडी आडवी फिरवली की नाण्याचे चित्र उमटते. पेन्सिल फक्त उंचवट्याला घासते. खाचेपर्यंत ती पोचतच नाही. तोफेवरही हेच करायचे. टोक टेकवायचे नाही, कांडीची बाजू कड्यांवरून हलकेच न्यायची. जी कड खऱ्या तोफेवर घासली गेली असती, नेमकी तीच पेन्सिल शोधून काढते.

आम्ही चंदेरी रंगावर पुन्हा काळा पोस्टर रंग दिला, वाळू दिला, आणि ४बी फिरवली. दोन मिनिटांत कागदाचे लोखंड झाले. मात्र पृष्ठभाग खरबरीत हवा. चकचकीत तैलरंगावर पेन्सिल घसरते. तिथे आधी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. वर वॉर्निश देऊ नका, लकाकी मरते.

मग त्याला गंज हवा होता, आणि तपकिरी रंगखडू घेऊन तो तोफ भराभर रंगवायला निघाला. मी थांबवले. आपले जालना म्हणजे सळयांच्या कारखान्यांचे गाव. नव्या सळईवर निळसर करडा थर असतो, आणि पावसात पडलेल्या सळईची कापलेली टोके आधी तांबूस होतात, कारण तिथे तो थर नसून उघडे लोखंड असते. "जाऊन पाहून ये," म्हटले. तो पाहून आला. मग त्याने रंगीत पेन्सिलीने गंज भरला तो पाणी साचेल तिथेच: कड्यांच्या खालच्या बाजूला आणि बत्ती देण्याच्या छिद्राभोवती. आधी गडद तपकिरी, त्यावर थोडा नारिंगी, कारण ताजा गंज नारिंगी आणि जुना गडद. ओघळ मात्र वरून खाली, हात हलका करत न्यायचे. गुरुत्वाकर्षण लहान किल्ल्यावरही खालीच ओढते!

मावळ्यांनाही हाच उपाय. पागोट्याच्या घड्या, खांदे, नाक यांवर त्याच रंगाची फिकी पेन्सिल फिरवा. लाल पागोट्यावर पांढरी फिरवाल तर ते गुलाबी होईल. तिथे नारिंगी बरी.

आणखी एक. ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे. किल्ल्यावर घरच्या विजेची दिव्यांची माळ सोडली असेल, तर पेन्सिलीची भुकटी तिच्या जोडांजवळ पडू देऊ नका.

ती तोफ आज माझ्या टेबलावर असते. येणारा प्रत्येक जण तिला मागच्या टोकाला धरून उचलतो आणि बोटे काळी करून घेतो. तिथला पोस्टर रंग आता झिजला आहे, आणि ते टोक पेन्सिल न लावताही इतर भागापेक्षा गुळगुळीत झाले आहे.